टॉम किलबर्न : यंत्राच्या स्मृतीचा नकाशा आंखणारे संशोधक

थोर पुरुषांचीं जीं चरित्रें आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवतों, तीं बहुधा राज्यकर्त्यांचीं, सेनापतींचीं किंवा कवींचीं असतात. ज्यांनीं आपलें आयुष्य एखाद्या खोलींत तारा, कांचेच्या नळ्या आणि आंकडे यांच्या सहवासांत घालविलें, त्यांचीं नांवें वर्गांत क्वचितच ऐकूं येतात. परंतु आज कन्हानच्या बाजारांत भाजी विकणारा मनुष्य देखील ज्या यंत्रावर पैसे घेतो आणि आमचा विद्यार्थी ज्याच्या साह्यानें रामटेकच्या गाडीची वेळ पाहतो, त्या यंत्राच्या अंतरंगांत अशाच एका अबोल पुरुषाची कल्पना प्रतिक्षणीं काम करीत असते. त्या पुरुषाचें नांव टॉम किलबर्न. त्यांस निवर्तून आतां पाव शतकाच्या आसपास काळ लोटला आहे. त्यांच्या चरित्राची व कार्याची ओळख वाचकांस करून द्यावी, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहिण्याचें योजिलें.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ रोजीं इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यांत, ड्यूसबरी शहरालगतच्या अर्ल्सहीटन येथें झाला. हा लोंकरीच्या गिरण्यांचा मुलूख होय. ड्यूसबरी येथील व्हीलराइट ग्रामर स्कूलमध्यें शिकत असतांना गणितांत त्यांची विशेष गति दिसून आली. १९४० सालीं ते केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजांत दाखल झाले. तो महायुद्धाचा काळ होता. विद्यापीठाचे अभ्यासक्रम आंखूड करून तरुणांस देशकार्यास लावण्यांत येत होतें. दोन वर्षांत गणिताची पदवी घेऊन किलबर्न बाहेर पडले आणि १९४२ सालीं माल्व्हर्न येथील रडारच्या संशोधनसंस्थेंत रुजू झाले. तेथें फ्रेडरिक विल्यम्स नांवाच्या कुशल इंजिनियराच्या हाताखालीं त्यांची नेमणूक झाली. विद्युन्मंडलांचा पूर्वीचा अनुभव त्यांच्या गांठीस जवळजवळ नव्हता. थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम आणि रोजचें काम हेच त्यांचे गुरु झाले. १९४३ सालीं आयरीन मार्सडन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

युद्ध संपलें तेव्हां शास्त्रज्ञांपुढें एक मोठें कोडें उभें होतें. अमेरिकेंत एनियाक नांवाचें प्रचंड गणकयंत्र तयार झालें होतें. तें आंकडेमोड विलक्षण वेगानें करी. परंतु नवें गणित घालावयाचें म्हणजे त्याच्या तारा आणि खटके पुन्हां नव्यानें जुळवावे लागत. आंकडे आणि ते कसे हाताळावे याच्या आज्ञा, हीं दोन्ही यंत्राच्या स्मृतींतच सांठवून ठेवतां आलीं तर ही खटपट वांचेल, हें विद्वानांच्या ध्यानीं आलें होतें. अडचण होती ती स्मृतीची. विजेच्या वेगानें लिहितां यावें, त्याच वेगानें वाचतां यावें आणि मध्यंतरीं पुसून जाऊं नये, अशी वस्तु कोठें सांपडावी?

विल्यम्स आणि किलबर्न यांनीं ती रडारच्या पडद्यांतच शोधली. विद्युत्कणांचा झोत कांचेच्या नळीच्या पडद्यावर जेथें आदळतो, तेथें विजेचा एक सूक्ष्म ठसा उरतो. हा ठसा सेकंदाच्या अल्पशा भागांत विरून जातो. म्हणून त्यांनीं अशी योजना केली कीं, पडद्यास लागून बसविलेल्या धातूच्या पत्र्यावरून प्रत्येक ठसा तो विरण्यापूर्वींच वाचून घ्यावा आणि लगेच पुन्हां उमटवावा. जी गोष्ट विसरली जाणार, ती सतत घोकून जागी ठेवावयाची, अशी ही युक्ति होती. १९४६ सालच्या डिसेंबरांत विल्यम्स मँचेस्टरच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाले आणि किलबर्न यांस माल्व्हर्नच्या संस्थेनें त्यांच्या मदतीस दिलें. १९४७ सालीं एका नळीवर २०४८ चिन्हें टिकवून दाखविण्यांत आलीं. त्या वर्षअखेर किलबर्न यांनीं लिहिलेला अहवाल समुद्रापलीकडेहि वाचला गेला, आणि पुढें आय. बी. एम. कंपनीच्या ७०१ या यंत्रांत याच जातीच्या नळ्या बसविल्या गेल्या.

नळी खरोखर उपयोगी आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तिच्याभोंवतीं एक लहानसें गणकयंत्र उभारण्यांत आलें. जेफ टूटिल हे या कामीं किलबर्न यांचे जोडीदार होते. या यंत्रास लोक कौतुकानें 'बेबी' म्हणत. त्याच्या स्मृतींत अवघ्या ३२ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळींत ३२ चिन्हें. म्हणजे एकूण १०२४. २१ जून १९४८ रोजीं किलबर्न यांनीं लिहिलेला प्रोग्राम या यंत्रानें बिनचूक चालविला. २,६२,१४४ या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधण्याचें तें गणित होतें. यंत्रास भागाकार येत नव्हता. वजाबाकी मात्र येत होती. म्हणून मूळ संख्येहून एकानें लहान अशा संख्येपासून आरंभ करून तें एकेक संख्या तपाशीत खालीं आलें, आणि ५२ मिनिटांत सुमारे ३५ लाख क्रिया करून १,३१,०७२ हें उत्तर त्यानें दिलें. हें उत्तर शाळेंतला मुलगाहि पाटीवर क्षणांत काढील. परंतु स्वतःच्या विद्युत् स्मृतींत सांठविलेल्या आज्ञा वाचून काम करणारें यंत्र त्या दिवशीं जगांत प्रथमच चाललें, यांत त्या दिवसाचें महत्त्व आहे.

येथवर किलबर्न यांनीं यंत्रास स्मृति दिली. त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग त्या स्मृतीची व्यवस्था लावण्यांत गेला, आणि आमच्या मतें तोच अधिक मोलाचा आहे.

वेगवान् स्मृति महाग असते, म्हणून ती थोडी असते. स्वस्त स्मृति पुष्कळ मिळते, परंतु ती मंद असते. मँचेस्टरच्या पुढील यंत्रास नळ्यांच्या जोडीला एक फिरतें चुंबकीय पिंप देण्यांत आलें. नळ्यांत न मावणारा मजकूर पिंपावर ठेवावयाचा आणि लागेल तेव्हां एकेक पान नळींत आणावयाचें, अशी रीत पडली. फेरांटी कंपनीनें याच धर्तीवर केलेलें यंत्र १९५१ सालीं विद्यापीठांत आलें. अ‍ॅलन ट्यूरिंग यांच्यासारखे पंडित त्यावर काम करीत. परंतु कोणतें पान केव्हां आणावें, तें कोठें ठेवावें, त्यासाठीं कोणतें पान परत पाठवावें, हा सगळा हिशेब प्रोग्राम लिहिणारासच ठेवावा लागे. ज्यास ताऱ्यांची गति किंवा रसायनाची घडण अभ्यासावयाची, त्याचे दिवस पानांची नेआण जुळविण्यांत जात. त्यांत एक चूक झाली तर सारें गणित बिघडे. असे कष्ट घेण्यास जो तयार नसे, त्यास यंत्राचें दार बंदच होतें. यंत्र मूठभर जाणत्यांचें राहणार कीं सर्व अभ्यासकांचें होणार, हा प्रश्न त्या हिशेबावर अवलंबून होता.

१९५६ च्या सुमारास किलबर्न यांनीं एका अतिवेगवान् यंत्राचें काम हातीं घेतलें. अमेरिका या विद्येंत झपाट्यानें पुढें जात होती आणि इंग्लंडांत एवढें द्रव्य घालण्यास कोणी पुढें येत नव्हतें. विद्यापीठाच्या यंत्रावरील वेळ बाहेरच्या लोकांस भाड्यानें देऊन जो पैसा जमला होता, त्यावर किलबर्न यांनीं आरंभ केला. १९५९ सालीं फेरांटी कंपनी भागीदार झाली आणि यंत्रास 'अ‍ॅटलास' हें नांव मिळालें. ७ डिसेंबर १९६२ रोजीं सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें.

अ‍ॅटलासची मुख्य स्मृति लहान चुंबकी कड्यांची होती. तींत १६,३८४ शब्द मावत. पिंपांवर ९८,३०४ शब्दांची जागा होती. कड्यांतून शब्द मिळण्यास सेकंदाचे दोन दशलक्षांश भाग लागत. पिंपावरील शब्द समोर फिरून येईपर्यंत सरासरी सहा सहस्रांश, म्हणजे सुमारे ३००० पट वेळ जाई. या दोहोंची मिळून एकच सलग स्मृति आहे असा प्रोग्राम लिहिणाराचा समज राहावा आणि तरीहि कामाचा वेग घटूं नये, असें किलबर्न यांनीं ठरविलें. डेव्हिड एडवर्ड्स, लॅनिगन आणि सम्नर या सहकाऱ्यांसह त्यांनीं १९६२ सालीं 'एकस्तरीय स्मृति' या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, तो या विद्येच्या इतिहासांत अमर झाला आहे.

ही व्यवस्था समजून घेण्यासाठीं आम्ही वाचकांस तलाठ्याच्या दप्तराकडे नेतों. कन्हानच्या आसपासचे दोन शेतकरी आपापल्या जमिनीस 'नदीकांठचें शेत' म्हणतात. नांव एकच, जमीन निराळी. परंतु त्यामुळें कोणी दुसऱ्याच्या शेतांत नांगर घालीत नाहीं. कारण कोणाचें नांव कोणत्या जमिनीस लागतें हें दप्तरांत नोंदलेलें असतें. अ‍ॅटलासमध्यें असेंच झालें. प्रोग्राम जो पत्ता उच्चारी तो केवळ नांवाचा पत्ता. कड्यांतील खरी जागा निराळी. मुख्य स्मृतीचे ५१२ शब्दांचें एक, असे ३२ भाग केलेले होते, आणि प्रत्येक भागापाशीं एक नोंदपट्टी होती. सध्यां त्या भागांत कोणतें पान आहे तें तिच्यावर लिहिलेलें असे. प्रोग्रामानें पत्ता उच्चारतांच बत्तीसहि पट्ट्यांशीं तो एकदम ताडून पाहिला जाई. जुळला तर काम पुढें चाले. न जुळला तर प्रोग्राम जागच्या जागीं थांबे आणि 'सुपरवायझर' नांवाचा कायमचा कारभारी प्रोग्राम जागा होई. तो हवें तें पान पिंपावरून आणवी, पट्टीवर नवी नोंद करी, आणि थांबलेल्या प्रोग्रामास पुढें चालूं देई. मध्यें कांहीं घडलें याची त्या प्रोग्रामास वार्ताहि नसे. नागपुरांत नळ सोडणाऱ्या गृहिणीस कन्हान नदीचें पाणी कोणत्या पंपानें व कोणत्या टाकींतून आलें हें जसें ठाऊक नसतें, तसेंच हें होय.

नवें पान आणावयाचें म्हणजे जुनें एखादें परत धाडलें पाहिजे. तें कोणतें? यासाठीं किलबर्न यांच्या मंडळीनें एक शिकाऊ प्रोग्राम रचला. कोणतें पान केव्हां वापरलें गेलें आणि किती वेळ पडून राहिलें, याचा माग तो ठेवी, आणि ज्याची गरज सर्वांत उशिरां लागेल असा अंदाज येई तें पान बाहेर काढी. अर्थात् या युक्तीसहि मर्यादा होती. एखादा प्रोग्राम बत्तीसांहून अधिक पानांत सारखा इकडून तिकडे उड्या मारूं लागला, तर पिंपाकडील खेपा वाढत आणि वेग मंदावे. सोय झाली तरी विवेक सुटूं नये, हा धडा तेथेंहि होताच.

त्याच नोंदपट्टीनें दुसरेंहि एक मोठें काम साधलें. अ‍ॅटलासमध्यें एकाच वेळीं अनेक लोकांचे प्रोग्राम असत. एकाच्या चुकीनें दुसऱ्याचें गणित नासूं नये म्हणून प्रत्येक पट्टीवर एक कुलुपाचें चिन्ह ठेविलें होतें. ज्याची पाळी नसेल त्याचीं पानें सुपरवायझर कुलूपबंद करी. स्वतः सुपरवायझर बहुतांशीं एका अपरिवर्तनीय स्मृतींत वसत असे. तारांच्या जाळींत बारीक कांड्या खोंचून ती घडविलेली होती, आणि कोणताहि प्रोग्राम तींत लिहूं शकत नसे. छापण्याचीं यंत्रें, फिती, पिंपें इत्यादि साधनांशीं बोलण्याचे जे पत्ते होते, तेहि स्मृतीच्या पत्त्यांसारखेच दिसत. परंतु त्यांना हात लावण्याचा अधिकार सुपरवायझरकडेच राखलेला होता.

हाच सुपरवायझर आजच्या यंत्रांतील 'कर्नेल' म्हणजे गाभ्याचा पूर्वज होय. आजच्या संगणकांत आणि मोबाइलमध्यें पट्ट्यांच्या जागीं स्मृतींतच ठेवलेले मोठे तक्ते आले आहेत, आणि पान पुष्कळदां ४०९६ बाइटांचें असतें. प्रत्येक प्रोग्रामास त्याचा स्वतंत्र तक्ता मिळतो. हा तक्ता लिहिण्याचा अधिकार गाभ्याचा. प्रोग्रामानें स्वतः त्यास हात लावावयाचा नाहीं.

येथें एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. पडद्यावर हलतें चित्र दाखवावयाचें असेल किंवा कॅमेऱ्याकडून सारखी माहिती घ्यावयाची असेल, तर ती प्रत्येक वेळीं गाभ्याच्या हातून नकलून घेण्यांत वेळ फुकट जातो. मग प्रत्यक्ष स्मृतीची ती जागाच प्रोग्रामाच्या हवालीं केली तर? आमच्या भागांतील शेतकऱ्यांस ही गोष्ट पाटाच्या पाण्यावरून उमजेल. पेंचच्या पाटाचीं सारीं दारें पाटकऱ्याच्या ताब्यांत असतात. परंतु एखाद्या शेतास ठराविक मोरींतून पाणी घेण्याची परवानगी दिली, म्हणजे त्या शेतकऱ्यास दर घटकेस पाटकऱ्याकडे जावें लागत नाहीं. गाभा असेंच करतो. प्रोग्रामाच्या तक्त्यांतील कांहीं रिकाम्या पत्त्यांसमोर तो त्या साधनाच्या प्रत्यक्ष स्मृतीचे पत्ते लिहितो. त्यानंतर प्रोग्राम आपल्याच पानांवर लिहिल्याप्रमाणें लिहितो आणि तें थेट साधनाच्या स्मृतींत उतरतें. मध्यें नक्कल नाहीं, विलंब नाहीं. दोन प्रोग्रामांच्या तक्त्यांत एकच प्रत्यक्ष पान नोंदलें, तर सामाईक विहिरीचा हिस्सा जसा दोन सातबाऱ्यांवर चढतो, तशी ती जागा दोघांची होते. लिनक्स नांवाच्या प्रसिद्ध गाभ्यांत अशा मागणीस 'एममॅप' असें नांव आहे.

परंतु मोरी म्हणजे धरण नव्हे. नोंद पानाच्या मापानेंच होते. म्हणून हवी असलेली जागा पानाहून लहान असली, तरी तिच्या शेजारची जागाहि उघडी पडते. साधनाच्या पत्त्यावर लिहिलेला शब्द म्हणजे कित्येकदां साधनास दिलेली आज्ञा असते. मधल्या द्रुत स्मृतींत तो अडकून राहूं नये, अशीहि खूण त्या नोंदीपाशीं करावी लागते. आणि ज्या प्रोग्रामास सगळीच प्रत्यक्ष स्मृति उघडी केली, तो शेजाऱ्याचा मजकूर वाचूं शकेल, इतकेंच नव्हे तर गाभ्यासच बदलूं शकेल. लिनक्समध्यें सर्व प्रत्यक्ष स्मृतीचें दर्शन घडविणारें एक दार पूर्वींपासून आहे. परंतु अलीकडे बहुतेक ठिकाणीं त्यावर कडक निर्बंध घातलेले असतात. ज्याच्या यंत्रांत आपले पैसे, आपलीं पत्रें आणि आपल्या मुलांचीं चित्रें आहेत, त्यास या कुलुपाचें मोल निराळें सांगावयास नको.

याच काळांत आमच्या देशांतहि हालचाल सुरू झाली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्या लोकांनीं रचलेलें गणकयंत्र १९६० सालीं चालूं झालें. १९६२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं त्याचें 'टिफरॅक' असें नामकरण केलें. चुंबकी कड्यांच्या त्याच्या स्मृतींत ४० चिन्हांचे २०४८ शब्द मावत. एवढ्याशा खणांत मोठालीं गणितें बसविणाऱ्या त्या मंडळींस किलबर्न यांच्या योजनेचें महत्त्व किती वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

किलबर्न यांचें पुढील आयुष्य मँचेस्टरमध्येंच गेलें. १९६४ सालीं तेथें संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि ते त्याचे पहिले प्रमुख झाले. १९६५ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें. एम्. यू. ५ हें त्यांच्या मार्गदर्शनाखालीं झालेलें मोठें यंत्र. १९८१ सालीं ते निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांच्या पत्नीचें निधन झालें, आणि विश्रांतीचे जे दिवस दोघांनीं मिळून घालवावयाचे, ते त्यांच्या वांट्यास एकट्यानेंच आले. स्वभावानें ते मितभाषी होते. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघावर त्यांची प्रीति होती. १९९८ सालीं 'बेबी'ची हुबेहूब प्रतिकृति उभारून तिचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला, तो सोहळा त्यांस पाहावयास मिळाला. १७ जानेवारी २००१ रोजीं मँचेस्टर येथें त्यांनीं देह ठेविला. तेथील संगणकशास्त्राच्या इमारतीस त्यांचें नांव देण्यांत आलें आहे.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रांत रणांगण नाहीं कीं राजदरबार नाहीं. परंतु ज्या अडचणीचा बोजा हजारों लोक मुकाट्यानें वाहत होते, ती एकानें आपल्या शिरीं घेतली आणि यंत्राच्या पोटांत अशी दडविली कीं, पुढच्यांस ती कधीं होती हेंहि आठवूं नये. ज्यानें हें केलें त्याचें नांव लोक विसरतात. किंबहुना काम उत्तम झालें म्हणूनच विसरतात. दुसरी गोष्ट अशी कीं, सर्वांस मोकळेपणानें काम करतां यावें म्हणून प्रत्येकाची सीमा आंखणें अवश्य असतें, आणि ती सीमा कोणासाठीं, कितपत व कोणत्या विश्वासावर उघडावी हें ठरविणें त्याहून अवघड असतें. आमच्या शाळेंतून जीं मुलें पुढें या विद्येकडे वळतील, त्यांच्या हातीं उद्यां असे तक्ते आणि अशीं कुलुपें येतील. तीं हाताळतांना पलीकडे कोणाचें तरी शेत आहे, एवढें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.